शू जमली, शी अडली (लेक पावणेतीन वर्षांची, मुक्काम बेळगाव, बाहेर पाऊस)

वडगावची_सूनबाई

मंडळी, विषय जरा घाण आहे. जेवता जेवता वाचत असाल तर आधी ताट उचला आणि मग या.

लेक पावणेतीन वर्षांची आहे. एप्रिलमध्ये दिवसाचा डायपर बंद केला. शू पंधरा-वीस दिवसांत जमली. सांगते, पळते, चड्डी स्वतः खाली ओढते आणि झाल्यावर 'झाऽऽली' म्हणून अख्ख्या गल्लीला वर्दी देते. शीचं मात्र काही केल्या जमेना. पॉटीवर बसवलं की लाकडासारखी ताठ होते. आलेली कळते तिला, कारण लगेच हॉलच्या पडद्यामागं जाऊन उभी राहते. टाचा वर, दोन्ही हातांत खिडकीचा गज, पाय एकमेकांवर आवळलेले, तोंड लालबुंद. विचारलं तर 'नाय आली'. मग अर्ध्या तासानं कपाट उघडून डायपर घेऊन येते, 'आई, घाल' म्हणते आणि पुन्हा पडद्यामागं. अशी दोन-दोन दिवस करत नाही, कधी तीन.

गेल्या आठवड्यापासून नवीन सुरू झालंय. दिवसातून चार-पाच वेळा चड्डीला थोडं थोडं पातळ लागतं. सासूबाई म्हणतात पोट बिघडलंय, ताकभात दे. जाऊबाई म्हणतात, लाडावून ठेवलीस. नवरा म्हणतो, होईल गं. (त्याला 'होईल गं' म्हणायला काय जातंय, चड्ड्या मी धुते.)

त्यात हा पाऊस. सकाळी धुतलेली चड्डी दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही ओलीच. आमच्याकडं नळाला पाणी चार दिवसांनी. आणि ऑगस्टपासून नर्सरी, तिथं मॅडमनी स्पष्ट सांगितलंय, डायपर घालून पाठवायचं नाही. काय करू?

खानापूरची_आजी

पोरी, आमच्या वेळेला हे असलं काही नव्हतं बघ. तीन महिन्यांचं झालं की पायांवर घ्यायचं. आपण गुडघे मोडून बसायचं, पोराचं बूड आपल्या दोन पावलांवर, पाठ नडगीला टेकलेली, आणि तोंडानं शूऽऽ करत राहायचं. दूध पाजलं की एकदा, झोपून उठलं की एकदा. वर्षाचं होईस्तोवर लंगोट सुटायचा. माझी चारही पोरं अशीच झाली. ते डायपर घालून पोराला कळायचं कसं की ओलं झालं?

आता अडलंयच तर विड्याच्या पानाचा देठ घे, एरंडेलात बुडव आणि हळूच लाव. पाच मिनिटांत मोकळी होते की नाही बघ.

दोन_पोरांची_आई

आजी, पायांवर घेण्याला माझं +१. खरं त्या देठाला नको म्हणते. थोरल्याच्या वेळी आमच्याकडंही देठ झाला, एकदा साबणाची कांडीसुद्धा झाली. मोकळा झाला, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर मोरीचं दार दिसलं तरी दोन्ही हात मागं धरून पळायचा. तो वर्षभर असाच पळत होता.

आणि आजी, रागावू नका, वर्षाचं पोरगं 'सांगायचं' ते खरं आईला कळायचं. घड्याळ तुमच्या डोक्यात होतं. घरात चार बायका, पोरगं कायम कुणाच्या तरी मांडीवर, तोंड वाकडं केलं की उचललं परसात. मी नऊ ते सहा दुकानात बसते. माझ्या डोक्यात ते घड्याळ कुठून बसणार?

मुलांचा_डॉक्टर

सूनबाई, तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट बाकीच्यांच्या नजरेतून सुटलीय, म्हणून लिहितो. तीन दिवस शी नाही आणि मध्ये चड्डीला थोडं थोडं पातळ लागतं, हे बहुतेक वेळा जुलाब नसतात. आत घट्ट गोळा अडकून बसलेला असतो आणि वरचं पातळ त्याच्या कडेनं झिरपतं. मुलीला ते कळतही नाही, त्यामुळे त्यावरून रागावण्यात अर्थ नाही. आणि जुलाब समजून पोट बांधणारं काही दिलंत तर गोळा आणखी घट्ट होईल.

पडद्यामागं पाय आवळून उभी राहते ती शी करायला नाही, रोखायला. आईबापांना वाटतं जोर लावतेय. खरं तर ती उलटा जोर लावत असते. कधीतरी एकदा घट्ट शी झाली असेल, दुखलं असेल, कदाचित बारीक चीर पडली असेल. पोरीच्या मनानं घेतलं की शी म्हणजे दुखणं. म्हणून रोखते. रोखली की आतडं त्यातलं पाणी ओढून घेतं, शी आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. बरेच दिवस असं चाललं की आतड्याचा शेवटचा भाग ताणला जातो आणि आल्याची जाणीवच बोथट होते. हे चक्र मोडल्याशिवाय पॉटी गुलाबी आणा नाहीतर गाणं म्हणणारी आणा, काही होणार नाही.

तेव्हा पॉटीचं शिकवणं सध्या बाजूला ठेवा. मागते आहे तर डायपर द्या, पण शी अडू देऊ नका. या आठवड्यात जवळच्या बालरोगतज्ज्ञांना पोट दाखवा. शी मऊ करणारं सरबतासारखं औषध देतात. ते आतड्यात पाणी धरून ठेवतं, त्याची 'सवय लागते' ही भीती बाळगू नका. मात्र ते आठ दिवसांत बंद करण्यासारखं नसतं, कित्येकदा काही महिने चालतं. दोन दिवस बरं वाटलं की आई औषध थांबवते आणि महिन्यानं पुन्हा तिथंच येते, हे मी रोज बघतो. एरंडेल, देठ, साबण, काही नको. इथं फोरमवर मी डोस सांगणार नाही, विचारू नका.

पोट फुगलंय, उलट्या होतायत, वजन वाढत नाही, जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवस झालीच नव्हती, किंवा शू करताना रडते आणि ताप आहे, यातलं काही असेल तर आठवडाही थांबू नका.

दूध किती पिते?

वडगावची_सूनबाई

डॉक्टर, वाचून पोटात गोळा आला (माझ्या). उलट्या वगैरे काही नाही. मार्चमध्ये एकदा शीबरोबर रक्ताची बारीक रेघ दिसली होती, तेव्हा मी उष्णता म्हणून सब्जाचं पाणी दिलं आणि विसरले.

दूध... सकाळी एक बाटली, दुपारी झोपताना, संध्याकाळी खेळून आल्यावर, रात्री झोपताना. पाऊण लिटर तरी होत असेल. जेवत नाही म्हणून दूध देते.

मुलांचा_डॉक्टर

दूध पितेय म्हणून जेवत नाही. या वयाला दिवसाकाठी अर्ध्या लिटरच्या आत ठेवा आणि बाटली सोडून पेल्यानं द्या.

स्पष्टवक्ता_५९

एवढं काय त्यात. आम्ही मुतलो की पाठीत धपाटा बसायचा. दोन दिवसांत शिकलो. आजकाल लेकरांना विचारून विचारून शी करायला लावतात.

दोन_पोरांची_आई

काका, दोन दिवसांत शिकलात हे तुम्हाला आठवतंय का तुमच्या आईनं सांगितलंय? कारण दोन-अडीच वर्षांचं माझं मला तर काही आठवत नाही.

स्पष्टवक्ता_५९

आईनं सांगितलंय. (आणि तिनंच सांगितलंय की सात वर्षांपर्यंत गादी भिजवायचो. मुद्दा मागे घेतो.)

निपाणीचा_बाबा

पुरुष म्हणून घाबरत घाबरत लिहितोय. आमचा मुलगा साडेतीनचा, ही ड्यूटी पहिल्यापासून माझ्याकडं, कारण बायको सकाळच्या बसनं शाळेला जाते. भारतीय संडासाला तो प्रचंड घाबरायचा. आपल्याला ते साधं भोक दिसतं, त्याच्या मापानं बघितलं तर ती विहीर आहे. माझ्याच आईनं 'नीट बस, नाहीतर आत जाशील' म्हणून भर घातली होती. कमोडवर बसवलं तर पाय लोंबकळायचे. आणि तुम्ही करून बघा, उंच कट्ट्यावर बसून पाय लोंबकळत ठेवून जोर लावता येतो का. पाय कशावर तरी टेकले आणि गुडघे कमरेच्या थोडे वर आले की खालची वाट सरळ होते. उकिडवं बसण्यात हाच फायदा आहे.

म्हणून पायाखाली पाट ठेवला. दुसऱ्याच दिवशी आईनं घर डोक्यावर घेतलं, कारण पाट जेवायचा होता. पाट धुऊन, उन्हात घालून, गोमूत्र शिंपडून देवघराकडं परत गेला. मग दोन विटा आणल्या, जुन्या गोणपाटात गुंडाळून वरून प्लास्टिकचा कागद बांधला. अजून त्याच आहेत. बाजारात रंगीत स्टूल मिळतं, त्याच्या पैशात मी विटांचं अर्धं न्हाणीघर बांधीन.

वेळ: सकाळी दूध-नाश्ता झाल्यावर वीस मिनिटांनी आणि रात्रीच्या जेवणानंतर तेवढ्याच वेळानं. पोटात पडलं की आतडी आपोआप हलायला लागतात, तो मुहूर्त साधायचा. पाच मिनिटं बसायचं, झाली तर झाली. मोबाईल देऊ नका, मी दिला होता, तर तो पाऊण तास उठेना.

प्रवासाचंही सांगतो. निपाणीहून बेळगावला येताना पॉटी गाडीच्या डिकीत असतेच. संकेश्वरच्या पुढं हायवेच्या कडेला, छत्रीच्या आडोशाला, ट्रक बाजूनं जात असताना माझ्या मुलानं जी शांतपणे शी केलीय ती बघून मला त्याचा अभिमान वाटला होता. बस असेल तर निघायच्या आधी, कितीही उशीर होवो, बसवायचंच.

पुण्यातली_बेळगावकरीण

नर्सरीचं वाचून राहवलं नाही. माझी भाची तिकडंच आहे. घरी शू-शी सगळं येत होतं, नर्सरीत गेली आणि रोज चड्डी ओली करून यायला लागली. सगळे म्हणाले, हिला काहीतरी झालंय. वहिनी एक दिवस दाराशी थांबून बघत होती. भाची उठून बाईंजवळ गेली, 'शूला लागल्या' म्हणाली, बाईंनी प्रेमानं गालाला हात लावला आणि जागेवर नेऊन बसवलं. बाई बागलकोटकडच्या, नव्यानं आलेल्या, त्यांना मराठी अजिबात येत नव्हतं. शाळेत शिकवलेलं इंग्रजी वाक्य तर एवढं लांब, की 'मे आय गो' म्हणेपर्यंत काम व्हायचं.

मग वहिनीनं घरी दोन शब्द पाठ करून घेतले. शूला 'वंदक्क', शीला 'एरडक्क'. म्हणजे आपलं एक नंबर, दोन नंबर. दुसऱ्या दिवसापासून कोरडी चड्डी. आता घरीसुद्धा आजोबांना 'एरडक्क' म्हणून हाक मारते आणि आजोबा, ज्यांनी अख्खा जन्म सीमाप्रश्नावर वाद घातलेत, तांब्या घेऊन मुकाट उठतात.

तेव्हा सूनबाई, नर्सरी सुरू व्हायच्या आधी बाईंना भेटून तुमची लेक कुठला शब्द वापरते ते सांगा, आणि त्यांचा शब्द लेकीला शिकवा. संडास कुठं आहे तेही एकदा आत नेऊन दाखवा. दार, कडी, अंधार, सगळं.

खानापूरची_आजी

डॉक्टरांचं वाचलं. देठाचं मी आता सांगणार नाही. आमच्यात एका पोराला असंच व्हायचं, तो सारखा चड्डी खराब करायचा म्हणून लई मार खाल्ला त्यानं. आज कळालं ते काय होतं.

चड्ड्यांचं सांगते, ते तरी ऐक. आमच्या जांबोटीकडं तर तुमच्या दुप्पट पाऊस. शेगडीत निखारे करायचे, वर बुरडाची टोपली पालथी घालायची, त्यावर लंगोट पसरायचे. तासाभरात कडकडीत. निखाऱ्याची शेगडी दार-खिडकी उघडी ठेवून, आणि पोरगं जवळ येणार नाही अशी. गॅसवर धरू नको, माझ्या सुनेनं एक झबलं जाळलंय. नाहीतर घट्ट पिळून, कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर पाय देऊन उभं राहा, अर्धं पाणी निघतं, मग इस्त्री. आणि जाड चड्ड्या घेऊ नको, पातळ सुती दहा-बारा घे.

खायला रात्री भिजवलेल्या मनुका सकाळी कुस्करून दे. अथणी-विजापूरकडचा बेदाणा स्वस्त मिळतो. पपई दे. नाचण्याची आंबील दे.

वडगावची_सूनबाई

सगळ्यांना एकत्र उत्तर देते. उद्या दवाखान्यात जातेय. आजी, टॉवेलची युक्ती आत्ताच केली, चालली. नवरा टॉवेलवर उभा राहिला, म्हणजे शेवटी काहीतरी उपयोग झाला.

वडगावची_सूनबाई (दोन महिन्यांनी)

धागा वर काढतेय. मध्ये इकडं यायला वेळ झाला नाही, माफ करा.

डॉक्टरांनी सांगितलं तसंच निघालं. पोटावर हात ठेवल्या ठेवल्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, डावीकडं खाली गोळा लागतोय. माझाही हात तिथं ठेवायला लावला. कच्च्या बटाट्यासारखं टणक लागलं. आईला स्वतःच्या लेकीच्या पोटातलं कळलं नाही, याचं दोन दिवस वाईट वाटत राहिलं. पहिल्या आठवड्यात औषध जास्त, तेव्हा घरात जे काही झालं ते लिहीत नाही. मग रोजचं प्रमाण ठरवून दिलं, ते अजून चालू आहे. दूध दोन पेले. बाटली मोलकरणीच्या नातवाला दिली, असं लेकीला सांगितलं. खरं म्हणजे माळ्यावर आहे.

शी मऊ झाल्यावरही ती डायपरच मागत होती. तेव्हा डॉक्टरबाईंनी पायऱ्या करून दिल्या. पहिले आठ दिवस डायपर मिळेल, पण शी संडासाच्या दारात उभं राहून करायची. पडद्यामागं जाणं बंद. मग डायपर घालूनच, पण आत पॉटीवर बसून. त्यात दहा-बारा दिवस गेले, मध्ये एकदा उठून पळाली. मग डायपर सैल. मग डायपर नुसता पॉटीत अंथरलेला. आणि एका सकाळी मी डायपर अंथरायला विसरले. खरंच विसरले, ठरवून नाही. ती बसली, दोन्ही पाय विटांवर (निपाणीच्या बाबांना धन्यवाद, आमच्या विटांना मी जुन्या इरकलीचा तुकडा गुंडाळलाय), माझा अंगठा मुठीत धरला आणि झाली. खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, 'आई, ती पडली.' रडायच्या बेतात. आपलाच एक तुकडा तुटून पडल्यासारखा चेहरा. मी टाळ्या वाजवायला उचललेले हात खाली घेतले. मग आम्ही दोघींनी तिला 'टाटा' केलं. रोज करतो. पाणी मी ती बाहेर गेल्यावर ओतते, त्या आवाजाला अजून घाबरते.

नर्सरीत बाईंना भेटले. बाई धारवाडच्या, मराठी कळतं त्यांना, तरीही 'वंदक्क-एरडक्क' शिकवलंय. संडास दाखवायला नेलं तर कडी मुलांच्या हाताला येत नाही अशी उंच. ते त्यांनी ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी खाली दोरी बांधलेली होती.

गणपतीत मात्र सगळं फिसकटलं. सासूबाईंच्या माहेरी गेलो, तीस माणसं, संडास मागच्या अंगणाच्या टोकाला, रस्त्यात म्हैस बांधलेली. चार दिवस रोखून धरलं. मोदक, करंज्या, लाडू, पाणी कोण पितंय. परत आलो तर पुन्हा पडद्यामागं. पॉटी न्यायची राहिली, औषधही दोन दिवस चुकलं. आता पुन्हा दारापासून सुरू केलंय, पण या वेळी पाच दिवसांतच पॉटीवर आली.

मुलांचा_डॉक्टर

छान. घसरण होतेच, सणात, आजारपणात, घरात नवीन बाळ आलं की. औषध तुमच्या डॉक्टरबाई सांगतील तेव्हाच कमी करा, आणि हळूहळू. मुलगी आहे म्हणून एक सांगून ठेवतो, धुताना हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे नाही. नाहीतर लघवीत जंतुसंसर्ग होतो. पुढं ती स्वतः धुवायला शिकेल तेव्हा हेच शिकवा.

वडगावची_सूनबाई

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सासूबाईंनाही सांगते.

अवांतर: डायपरचं मोठ्या मापाचं एक न फोडलेलं पाकीट उरलंय. वडगाव, शहापूर, खासबाग, कुणाला हवं असेल तर येऊन न्या, पैसे नकोत.

दोन_पोरांची_आई

अगं थांब, रात्रीचं काय? रात्री कोरडी उठते?

वडगावची_सूनबाई

कधी कधी. आठवड्यातून दोनदा वगैरे. ते आपोआप होईल ना आता?

मुलांचा_डॉक्टर

होईल, पण त्याचा या शिकवण्याशी फारसा संबंध नाही. रात्री लघवी कमी तयार करणारं संप्रेरक आणि भरलेल्या मूत्राशयानं जाग येणं, दोन्ही आपापल्या वेळेनं येतं. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा अजून गादी भिजवतात, आणि त्यात घराण्याचा हात मोठा असतो. पाच वर्षांच्या आत त्यावर आम्ही काही औषध देत नाही. झोपण्याआधी शू, गादीवर रबरी कापड, आणि सकाळी ओलं दिसलं तर चर्चा नाही. नवऱ्याला विचारा, ते किती वर्षांचे होईपर्यंत भिजवत होते.

वडगावची_सूनबाई

नवरा उत्तर देत नाहीये. सासूबाई आतून 'दुसरी पास होईस्तोवर' असं ओरडल्या.

पाकीट देत नाही. राहू दे.